सर्रा रोगाचा आदिजीव

पहूरच्या गोठ्यांपासून सारंगखेड्याच्या घोडेबाजारापर्यंत ज्या खानदेशात जनावरे ही शेतकऱ्याची खरी मिळकत आहे, तेथील वाचकास सर्रा या व्याधीचा परिचय असणे अगत्याचे आहे. घोडा, उंट व म्हैस यांस पुनःपुन्हा ज्वर आणून रक्तक्षयाने खंगविणारा तिचा आदिजीव, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईलखान येथे प्रथम पाहिला.

ज्या आफ्रिकी ट्रिपॅनोसोमा ब्रुसीपासून हा उद्भवला, त्याचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आठशेंवर जनुके केवळ बाह्य प्रथिनकवचाच्या निरनिराळ्या नमुन्यांसाठी राखलेली आढळली. त्यांतील बहुतेक स्वतः निकामी, तरी त्यांचे तुकडे जोडून नवे कवच सिद्ध होते, आणि शरीराने एक वेष ओळखून प्रतिपिंडे निर्माण करावीत, तोच काही जंतूंनी दुसरा वेष चढविलेला असतो.

इव्हान्सीने मात्र कायनेटोप्लास्ट नामक भागातील मोठी डीएनए-वर्तुळे गमावली. त्यायोगे ब्रुसीचा प्रसार करणाऱ्या त्सेत्से माशीच्या उदरात वाढण्याचे सामर्थ्य गेले खरे, परंतु गोमाशीच्या रक्ताळलेल्या सोंडेवरून थेट दुसऱ्या जनावरात शिरणाऱ्या या जीवास त्या माशीची गरजच उरली नाही, व तो आफ्रिकेबाहेर दूरवर पसरला. वारसा गमावून मुलूख मिळविण्याचा हा प्रकार विरळाच!

मनुष्यास तो सहसा बाधत नाही, कारण आपल्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन त्याचा नाश करते. तथापि २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, आणि त्याच्या ठायी या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे पुढील तपासात निष्पन्न झाले. सुरामिन या औषधाने ते गृहस्थ बरे झाले.