आफ्रिका शिकवायची ती कशी?

श्रोतेहो, आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात "आफ्रिकेचे आपल्याला काय?" असा प्रश्न आला असेल. तो प्रश्न रास्तच आहे, आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. पण उत्तराआधी वर्गातली एक हकीकत सांगावी असे वाटते.

पदवीच्या वर्गावर आफ्रिकेचे आजचे राजकारण, समाज आणि अर्थव्यवस्था शिकविण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच तासाला आम्ही विद्यार्थ्यांना कोरे कागद दिले आणि आफ्रिकेविषयी जे ठाऊक असेल ते लिहा, असे सांगितले. सिंह, सहारा, दुष्काळ, हिऱ्यांच्या खाणी, नेल्सन मंडेला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजी, एवढ्यात बहुतेकांचे कागद संपले. त्या कागदांत कुठे शेतकरी नव्हता, दुकानदार नव्हता, रांगेत उभा राहून मत देणारा मतदार नव्हता. हा दोष मुलांचा नव्हे. आम्ही शिकविणाऱ्यांनीच त्यांना यापेक्षा अधिक काही दिले नव्हते.

या अज्ञानाची किंमत आपल्या घरापासून सुरू होते. पुण्यासारख्या शहरात आफ्रिकेतील अनेक देशांचे तरुण शिकावयास येतात. त्यांना खोली भाड्याने देणारे, त्यांच्याशेजारी बाकावर बसणारे आपणच असतो. ज्याचा देश आपल्याला ठाऊक नाही, त्याच्याकडे आपण एक तर कीव करून पाहतो, नाही तर संशयाने. म्हणून हा विषय आम्हाला परदेशाचा वाटत नाही.

आता शिकवायचे कसे? पहिली अडचण आकाराची. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. तिचे क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. भारत, चीन आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने तीत ठेवली तरी जागा उरते. संयुक्त राष्ट्रसंघाचे ५४ सभासद देश या एका खंडात आहेत. "आफ्रिकेत असे असते" असे वाक्य ज्याने लिहिले, त्याने बहुधा काहीच लिहिलेले नसते.

यास्तव आम्ही एक पद्धत धरली. एक देश घ्यावा, त्यातील एक पीक घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत: हे पिकवितो कोण? भाव ठरवितो कोण? आणि पिकविणारा गेल्यावर जमीन कोणाला मिळते? पहिल्या प्रश्नात अर्थव्यवस्था येते, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात समाज. आम्ही घेतला घाना आणि त्याचे पीक कोको.

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. १८७९ च्या सुमारास टेटे क्वाशी नावाच्या लोहारकाम जाणणाऱ्या एका माणसाने त्याच्या बिया फर्नांडो पो बेटावरून आणून लावल्या, अशी तिकडची परंपरा सांगते. तेव्हा या प्रदेशाला गोल्ड कोस्ट म्हणत व तो इंग्रजांच्या ताब्यात होता. पुढे अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत, १९११ साली, गोल्ड कोस्ट जगातला सर्वांत मोठा कोको निर्यातदार झाला. हे गोऱ्यांच्या मळ्यांनी केले नाही. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी केले. पॉली हिल या अभ्यासक बाईंनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की हे शेतकरी गाव सोडून दूरच्या रानात जात, अनेकजण मिळून पैसा उभा करीत, जमीन विकत घेत आणि पहिल्या मळ्याच्या नफ्यातून दुसरा मळा घेत. भांडवल, जोखीम, गुंतवणूक हे शब्द शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

दुसरा प्रश्न भावाचा. युरोपीय व्यापारी कंपन्यांनी १९३७ साली आपसांत करार करून खरेदीची स्पर्धा थांबविली. शेतकऱ्यांनी उत्तर दिले ते सरळ: माल विकायचाच नाही, आणि परदेशी मालही घ्यायचा नाही. काही महिने कोको कोठारांत पडून राहिला. शेवटी इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि तडजोड झाली. महायुद्धानंतर १९४७ साली सरकारी कोको खरेदी मंडळ स्थापन झाले. कल्पना अशी, की मंडळाने हंगामाआधी एक ठराविक भाव जाहीर करावा. जगात भाव चढले तर वरची रक्कम शिलकीत टाकावी, आणि पडले तर त्या शिलकीतून शेतकऱ्याला सावरावे. पावसासाठी छत्री घेऊन ठेवण्यासारखाच हा विचार होता.

परंतु भरलेली तिजोरी कोणत्याही सरकारच्या डोळ्यांत भरते. प्रथम ही शिल्लक इंग्लंडच्या रोख्यांत पडून राहिली. मग क्वामे एन्क्रुमा आले. १९५० च्या त्यांच्या चळवळीवर गांधीजींच्या मार्गाची छाप होती. १९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून जिंकली, आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. त्यांना शाळा हव्या होत्या, टेमाचे बंदर हवे होते, व्होल्टा नदीवर धरण हवे होते. पैसा होता तो कोकोत. १९५४ सालीच, बाजार तेजीत असताना, शेतकऱ्याचा भाव बांधून टाकला गेला. त्यावरून अशांती प्रदेशात विरोधी पक्ष उभा राहिला. पुढे जागतिक भाव कोसळले आणि २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. त्यामागे कारणे अनेक होती. विरोधकांना विनाचौकशी तुरुंगात टाकण्याचा कायदा त्यांनी केला होता आणि देशात एकच पक्ष उरला होता. पण रिकाम्या तिजोरीने सरकारला आणखी दुबळे केले.

नंतरच्या सरकारांनीही शेतकऱ्याच्या हाती भावाचा थोडाच वाटा ठेवला. त्याने मग आपला उपाय केला: काहींनी कोको सरहद्दीपलीकडे चोरून विकला, काहींनी नवी झाडे लावणे सोडले. १९६४-६५ ला सुमारे ५.५ लाख टनांवर गेलेले पीक १९८३-८४ ला १.६ लाख टनांवर आले. त्या वर्षी अवर्षण आणि वणवे होते हे खरे. पण त्यांच्या आधीच मळे म्हातारे झाले होते.

या ठिकाणी वर्गात वाद पेटतो, आणि तो पेटू द्यावा. एक विद्यार्थी म्हणतो, शेतकऱ्याला लुटून धरण कसले बांधता? दुसरा विचारतो, मग धरण कोणाच्या पैशाने बांधायचे? महाराष्ट्राने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, तिची गोष्ट ज्यांनी विदर्भातल्या घरी ऐकली आहे, ती मुले या वादात सर्वांत पुढे असतात. आम्ही निकाल देत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे फळ्यावर लिहितो आणि बाजूला होतो.

तिसरा प्रश्न वारशाचा. घानातील अकान समाजात वंश आईकडून मोजतात. जुन्या रिवाजाप्रमाणे माणूस वारला की त्याचा वारस त्याच्या मातृवंशातला, म्हणजे भाऊ किंवा बहिणीचा मुलगा. पण कोकोच्या मळ्यात वर्षानुवर्षे राबलेली असते ती बायको आणि तिची मुले! नगदी पिकाने जमिनीला किंमत आली आणि या रिवाजातून घरोघरी तंटे सुरू झाले. १९८५ च्या कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी आणि मुलांना मोठा वाटा दिला. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६ चा आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची. तेव्हा "त्यांचे रिवाज विचित्र" असे म्हणण्याआधी मुलींनी आपल्या घरचा सात-बारा एकदा पाहावा, एवढेच आम्ही सुचवितो.

आणि आज? १९९२ च्या राज्यघटनेनंतर घानात २०००, २००८, २०१६ आणि २०२४ अशा चार निवडणुकांत सत्ताधारी पक्ष हरला व निमूटपणे बाजूला झाला. त्याच देशाने डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबविली, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. पण झाडांचा रोग, लहरी पाऊस आणि मळे उकरणाऱ्या बेकायदा सोन्याच्या खाणी यांनी पीक घटविले होते, आणि बराचसा माल आधीच्या कमी भावाने विकून झाला होता. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याच्या आसपास कोको पिकवितात. चॉकलेटचा मोठा नफा मात्र दूरच्या देशांत राहतो. २०१९ साली दोघांनी मिळून टनामागे ४०० डॉलर जादा मागितले. १९३७ चा झगडा अजून मिटलेला नाही.

एक सावधगिरी हवी. घाना म्हणजे आफ्रिका नव्हे. १९६६ साली स्वतंत्र झालेल्या बोट्स्वानात हिरे सापडले, निवडणुका नियमित होत राहिल्या, आणि स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष २०२४ मध्ये प्रथमच मतपेटीतून हरला. तिथे हेच तीन प्रश्न विचारा, उत्तरे निराळी येतील. तसेच, वर्गात आफ्रिकेचा विद्यार्थी असला तर त्याला साऱ्या खंडाचा प्रतिनिधी करू नये. कोल्हापूरच्या मुलाला आपण मणिपूरविषयी जाब विचारीत नाही.

वर्षाअखेर आम्ही पुन्हा कोरे कागद वाटले. या वेळी मुलांनी बहुतेक प्रश्नच लिहिले. एकाने लिहिले होते, "तिथल्या शेतकऱ्याला यंदा भाव काय मिळाला?" आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी, आणि जे पालक आहेत त्यांनीही, हा प्रश्न घरी नेऊन मुलांपुढे ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.