जुन्या टेंपोची हिवाळ्यातील निगा

मार्गशीर्ष-पौषात आमच्या जालना जिल्ह्यात पहाटेचा पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरतो. ही थंडी हरभऱ्यास व गव्हास मानवते. परंतु अंगणात उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या डिझेल गाडीस ती मानवत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत कापूस, भाजीपाला व रेशीम कोष बाजारात पोचवावयाचे असतात. जालना बाजार समितीत 2018 सालापासून कोषांची खरेदी होऊ लागल्यामुळे तर वेळेची निकड अधिकच वाढली आहे. सबब, जुनी गाडी हिवाळ्यास कशी तयार करावी व कशी चालवावी, याविषयी आमचा अनुभव शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे अशा गाड्यांचा प्रघात जुना आहे. 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीने हँबुर्ग येथील कारखान्याच्या साहाय्याने प्रथम तीनचाकी गाड्या काढल्या; पुढे मॅटॅडोर आली. 2005 साली या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी खेड्यापाड्यांत मालाच्या लहान गाडीस लोक अद्याप टेंपोच म्हणतात. बाजारात नवी गाडी असली तरी प्रत्येक खातेदारास ती परवडतेच असे नाही. जुनी गाडी ठेवण्यात कमीपणा नाही; ती निगेवाचून ठेवणे मात्र महाग पडते.

ते आम्हांस कसे कळले, ते सांगतो. एका डिसेंबरात मेथी-कोथिंबिरीच्या 600 जुड्या रात्रीच भरून ठेविल्या होत्या. पहाटे चार वाजता सेल्फ मारला, तर इंजिन कण्हून गप्प झाले. पुनःपुन्हा सेल्फ मारून होती तेवढी बॅटरीही उतरविली. तेव्हा आम्हीच पुतण्यास पऱ्हाट्यांचा जाळ करून इंजिनाखाली सरकविण्यास सांगितले. इंजिनाच्या बुडाशी ऑइल व धूळ यांचा थर होता; त्याने पेट घेतला. पुतण्याने चपळाईने माती टाकली व ओले पोते दाबले म्हणून गाडी वाचली. त्याच्या हाताच्या कातडीस मात्र भाजले. पहाटे दहा रुपयांस गेली असती ती जुडी दुपारी चार रुपयांस द्यावी लागली. म्हणजे 3,600 रुपयांची तूट आली आणि घरातील पोराचे दुखणे ते निराळेच. मिस्त्रीने पाहिले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर साचलेला होता आणि चारांपैकी दोन हीटर प्लग जळालेले होते. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली म्हणजे ती तापते व त्या उष्णतेने डिझेल पेटते. थंडीत तीन अडचणी एकदम येतात : गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते, घट्ट झालेले ऑइल इंजिनास फिरू देत नाही, आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. उपाय याच तीन ठिकाणी करावयाचा आहे.

प्रथम बॅटरी. दिवाळी झाली की टोके सोडवून सोड्याच्या पाण्याने धुवावीत, कोरडी करावीत, घट्ट आवळावीत व वर ग्रीस लावावे. रात्रभर विश्रांती घेतलेली चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखविते; 12.2 दाखवीत असल्यास ती निम्मी उतरली असे समजावे. नंतर हीटर प्लग एकेक तपासून घ्यावेत. ज्या गाडीस ते आहेत तीत त्यांचा दिवा विझेपर्यंत धीर धरावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच घालावे आणि जुने झालेले हिवाळ्यापूर्वी बदलावे.

डिझेल गोठेल या भीतीने कित्येक जण त्यात रॉकेल मिसळतात. हे गैर आहे व कायद्यासही धरून नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत गाळणीतून गेले पाहिजे. आपल्याकडे त्यापुढची थंडी क्वचितच पडते. लडाखमध्ये गोष्ट वेगळी. तेथे 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणावे लागले. आपला खरा शत्रू पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतील दमट हवेचे पाणी बनते. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी व गाळणीच्या तळचे पाणी अधूनमधून सोडावे.

आणखी एक खोड. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात व तो पुन्हा बसवीत नाहीत. मग हिवाळ्यात इंजिन ऊबच धरीत नाही, डिझेल अधिक जाते व धूर सुटतो. तो बसवून घ्यावा. गाडी सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटे सावकाश चालू द्यावी व पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने न्यावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये; त्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. जाळाविषयी तर आता अधिक सांगणे नको.

रस्त्यावर निघाल्यावर धुक्याचा विचार करावा. दुधनेच्या व गोदेच्या काठी पहाटे ते दाट उतरते, आणि अंबड-घनसावंगीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना उभ्या असतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. पुढचे 30 मीटरच दिसत असतील, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत त्यातील निम्मे अंतर संपलेले असते. वेग निम्मा करावा. दिवा खाली ठेवावा. वरचा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आतून काच धूसर झाली तर खिडकी थोडी उघडावी. मागच्या फळीवर तांबडी चमकपट्टी लावावी, म्हणजे आपण कोणाच्या मृत्यूस कारण होणार नाही. टायरची हवा पहाटे, चाके गार असतानाच मोजावी. पाच-सहा अंश पारा उतरला की सुमारे एक पौंड हवा कमी भरते.

आठ वर्षांपुढील मालगाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु तो कागद तपासणीच्या दिवसापुरता दाखला होय; पौषातील पहाटेची हमी नव्हे. आम्ही आता गाडीच्या पेटीत एक वही ठेविली आहे. तीत ऑइल, बॅटरी, प्लग व टायर यांच्या नोंदी तारीखवार होतात, आणि लिहिण्याचे काम पुतण्याकडे आहे. त्याच्या मनगटावरील डाग अजून दिसतो. बंधूंनी अशी वही याच आठवड्यात घालावी, एवढीच विनंती.