न मागता येणारे ड्रायव्हर

काल रात्रीपर्यंत निमूटपणे छपाई करणारा प्रिंटर सकाळी एकाएकी कोरे कागद बाहेर टाकू लागतो. केबल काढून पुन्हा लावली, शाई तपासली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी व्यर्थ. अखेर जाणकार येतो आणि सांगतो की, रात्री संगणकाने स्वतःला अद्ययावत करून घेताना प्रिंटरचा ड्रायव्हरही बदलला आहे. आपण काहीच केलेले नसते, आणि नेमकी तीच अडचण असते.

ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यातील दुभाषा. विंडोजला प्रिंटरची भाषा येत नाही, प्रिंटरला विंडोजची कळत नाही. हा दुभाषा चुकला की दोघेही ठणठणीत असूनही संवाद तुटतो. शिवाय अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. त्यामुळे एखादे साधे सॉफ्टवेअर बिघडले तर तेवढेच बंद पडते. गाभ्यातील ड्रायव्हर बिघडला तर सारा संगणक निळा पडदा दाखवून थांबतो.

उपकरण जोडताच ते आपोआप ओळखले जावे, ही कल्पना विंडोज ९५ बरोबर १९९५ मध्ये घरोघरी पोहोचली. २० एप्रिल १९९८ रोजी कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असताना स्कॅनर जोडला गेला आणि भर सभेत निळा पडदा अवतरला. तो प्रसंग आजही चवीने सांगितला जातो. तेव्हापासून ही व्यवस्था पुष्कळ सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वी प्रत्येक उपकरणाबरोबर येणारी सीडी जपून ठेवावी लागे. आता विंडोज योग्य ड्रायव्हर इंटरनेटवरून स्वतःच शोधून आणते. प्रश्न नव्या उपकरणाचा नसून, सुरळीत चाललेल्या उपकरणाचा ड्रायव्हर न विचारता बदलला जाण्याचा आहे.

याचे टोकाचे उदाहरण ऑक्टोबर २०१४ मध्ये घडले. स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही कंपनी यूएसबी आणि जुन्या पद्धतीचे सिरियल पोर्ट यांना जोडणारी चिप बनवते. या चिपच्या नकला बाजारात सर्रास मिळत. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून संगणकांवर आला आणि नकली चिप आढळताच तिचा ओळख क्रमांक पुसून तेथे ‘००००’ लिहू लागला. हा बदल संगणकात नव्हे, चिपमध्येच होत असल्याने तेच उपकरण दुसऱ्या संगणकाला जोडले तरी ओळखले जाईना. आपल्या उपकरणात कोणती चिप आहे, याची ग्राहकाला गंधवार्ताही नव्हती. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून मागे घेण्यात आला. लक्षात घ्यावे, तो ड्रायव्हर बनावट नव्हता. त्यावर रीतसर डिजिटल स्वाक्षरी होती. स्वाक्षरी ड्रायव्हर कोणाचा आहे हे सांगते, तो आपल्या हिताचा आहे की नाही हे सांगत नाही.

मग सगळेच बंद करून टाकावे काय? तसे करणे शहाणपणाचे नाही. ड्रायव्हरमधील त्रुटींचा फायदा हल्लेखोर घेतात आणि त्या बुजवणारी दुरुस्तीही याच मार्गाने येते. अर्थात, ही आपोआप होणारी स्थापनाही निर्धोक नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झाले की, रेझर कंपनीचा माउस जोडताच विंडोज जो इन्स्टॉलर आणून चालवी, त्याच्या आडून सामान्य वापरकर्त्यालाही संगणकाचे सर्वाधिकार मिळवता येत होते. म्हणून दार कायमचे बंद न करता आत कोण येते ते पाहणे हाच मार्ग उरतो.

ड्रायव्हर आधीच बदलला असेल तर प्रथम ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. स्टार्ट बटणावर उजवे क्लिक केल्यास तो सापडतो. संबंधित उपकरणावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ या टॅबमध्ये जावे आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. जुना ड्रायव्हर संगणकात शिल्लक असेल तरच हे बटण चालते. ते फिकट दिसत असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती आणावी लागते. पण येथे थांबल्यास पुढच्या अपडेटला तोच नवा ड्रायव्हर पुन्हा दाखल होऊ शकतो, आणि बहुतेकांचा धीर येथेच सुटतो.

विंडोजच्या शोधपेटीत ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ लिहिल्यास एक छोटी खिडकी उघडते व त्यात ‘नो’ असा पर्याय असतो. अलीकडच्या आवृत्त्यांत या खिडकीतील प्रश्न उत्पादकांच्या अॅप्स आणि चिन्हांविषयी विचारलेला आहे. तेवढ्यावर विसंबून ड्रायव्हर येणे पूर्ण थांबेल, असे समजू नये.

खरे नियंत्रण ‘ग्रुप पॉलिसी’मध्ये आहे. ही सोय विंडोजच्या प्रो आणि त्यावरील आवृत्त्यांत मिळते, होम आवृत्तीत नाही. होम वापरणाऱ्यांना वरचे उपाय आणि अपडेट काही आठवडे लांबणीवर टाकण्याची सोय, एवढ्यावरच भागवावे लागते. प्रो आवृत्तीत विंडोज अपडेटच्या धोरणांमध्ये ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ हे धोरण ‘एनेबल’ केले की सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, त्यांच्यासोबत येणारे ड्रायव्हर मात्र वगळले जातात. विंडोज १० च्या २०१६ मधील १६०७ या आवृत्तीपासून ही सोय आहे.

एकाच उपकरणाचा त्रास असेल तर एवढे करण्याचीही गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘डिटेल्स’ टॅबमधून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे दिसणाऱ्या ओळींपैकी सर्वांत वरची ओळ त्या उपकरणाची सर्वांत नेमकी ओळख असते. ती उतरवून ग्रुप पॉलिसीतील ‘सिस्टीम’ विभागात, ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन’खालील ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स’मध्ये, उपकरणांच्या आयडीनुसार स्थापना रोखणाऱ्या धोरणात नोंदवावी. मात्र, आधीपासून बसवलेल्या उपकरणांनाही हा नियम लावण्याची चौकट तेथे असते. तिच्यात खूण करू नये. केल्यास चालू ड्रायव्हरही काढला जाऊ शकतो. जुना ड्रायव्हर नीट बसवून, उपकरण चालत असल्याची खात्री झाल्यावरच ही नोंद करावी, हा क्रम महत्त्वाचा.

हा अडसर आपल्यालाही लागू होतो. पुढे उत्पादकाने सुधारित ड्रायव्हर दिला आणि तो हाताने बसवू गेलो, तरी विंडोज धोरणाचा हवाला देऊन नकार देते. तेव्हा यंत्र बिघडले असे न समजता ती नोंद तात्पुरती काढावी, ड्रायव्हर बसवावा आणि वाटल्यास पुन्हा लावावी. कोणत्या तारखेला कोणत्या उपकरणाचा आयडी रोखला, हे एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या बिलासोबत ठेवल्यास वर्षभराने स्वतःलाच कोडे पडणार नाही.