स्टो : विरोधी पक्षाने लावलेली बाग

इंग्लंडमध्ये बकिंगहॅम गावाजवळ स्टोची बाग आहे. तळी, उताराची हिरवळ आणि झाडीतून डोकावणारी देवळं पाहून सगळं आपसूक उगवल्यासारखं वाटतं. पण यातली बरीचशी देवळं राजकारणातल्या रागापोटी उभी राहिली आहेत.

बागेचा मालक लॉर्ड कॉबम हा व्हिग पक्षाचा मुरलेला सेनानी. १७३३ साली पंतप्रधान वॉलपोलच्या सरकारने वाइन आणि तंबाखूवर अबकारी कराचा घाट घातला. कॉबमने स्वपक्षाच्याच सरकारला विरोध केला आणि पलटणीचं नेतृत्व गमावलं. मग त्याने वास्तुकार विल्यम केंटला हाताशी धरून बागेतच हिशेब चुकता केला. केंटने प्राचीन सद्गुणांचं गोल, देखणं मंदिर बांधलं. आत होमर, सॉक्रेटिस वगैरे मंडळी. शेजारी आधुनिक सद्गुणांचं मंदिर, ते मात्र मुद्दाम पडकं आणि आत मुंडकं नसलेला पुतळा! तो वॉलपोलचा, हे लोक ओळखून होते.

पाण्यापलीकडे ब्रिटिश थोरांचे १६ अर्धपुतळे मांडलेली वास्तू आहे. शेक्सपियर, न्यूटन, मिल्टन यांच्या पंगतीला तेव्हा हयात असलेले खासदार सर जॉन बर्नार्डही बसले आहेत. त्यांची पुण्याई एवढीच की, अबकारी विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. याच वास्तूच्या पाठीमागे सिन्योर फिडो नावाच्या सत्पुरुषाची स्तुती कोरली आहे. निष्ठावंत, निर्मळ वगैरे वाचत शेवटाला आलं की कळतं, हा कॉबमचा शिकारी कुत्रा! मला तरी अख्ख्या बागेतला हा सर्वांत नेमका टोला वाटतो.

वास्तुशैलीतही पक्ष होता. सॅक्सन पूर्वज स्वतंत्र वृत्तीचे आणि गॉथिक शैली त्यांचा वारसा, असा व्हिगांचा समज. म्हणून वास्तुकार जेम्स गिब्जने १७४१ मध्ये आराखडा केलेलं स्वातंत्र्याचं मंदिर तांबूस दगडातलं, त्रिकोणी आणि टोकदार कमानींचं आहे. इतिहास म्हणून हे लंगडं, पण वास्तू झकास. स्वातंत्र्याचा एवढा गजर चालू असताना बागेच्या विस्तारात मूळ स्टो गाव मात्र उठलं. उरलं ते चर्च, झाडांआड.

बाग आज नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि कॉबमच्या वाड्यात १९२३ पासून शाळा भरते. पडकं मंदिर आता नाही, पण स्वातंत्र्याचं ते गॉथिक मंदिर सुट्टीसाठी भाड्याने मिळतं. जाल तेव्हा फिडोचा लेख चुकवू नका; त्यासाठी पुतळ्यांना वळसा घालून मागे जावं लागतं.