दादा, शेवटचे कधी झोपला होतात?

आपल्या वस्तीत गल्लोगल्ली टेम्पो, टँकर, घंटागाडी, टॅक्सी, कंपनीची बस चालवणारे बंधू आहेत. आता दुचाकीवरून पार्सल पोहोचवणारी पोरेही त्यांत आली. या सगळ्यांचा कारखाना म्हणजे रस्ता. कारखान्यात यंत्राजवळ अपघात झाला तर लोक मालकाला जाब विचारतात. रस्त्यावर झाला की म्हणतात, ‘ड्रायव्हर पिऊन असेल!’

आम्ही अपघात विभागात नर्स म्हणून काम केले. जखमी चालकाने दारू घेतली होती का, हे तिथे तपासले जाई. ते योग्यच. पण ‘दादा, शेवटचे कधी झोपला होतात?’ हा प्रश्न कुठल्याच कागदावर नसे. खरे तर तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची दारूची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे पहाटे पाचला उठलेला चालक रात्री दहानंतरही गाडीवर असेल, तर एक थेंब न पिताही तो धोक्यात असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात कोणाचा तरी संसार मोडतो.

वारंवार जांभया येणे, डोळे चुरचुरणे, गाडी पट्टा सोडून जाणे, मागचे दोन किलोमीटर कसे आलो ते न आठवणे, ही लक्षणे ओळखा. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरची वेळ जास्त जपण्याची. चहा, तंबाखू, मोठी गाणी यांनी झोप भरून निघत नाही. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, १५-२० मिनिटे डुलकी काढा, तोंड धुवा, पूर्ण जाग आल्यावरच निघा. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून डॉक्टरांना ‘मी गाडी चालवतो’ हे आधी सांगा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी गाडीवर बसू नका. साखर उतरली तर चक्कर येते. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसभर पेंगणाऱ्या चालकाने तपासणी करून घ्यावी.

आता घरातल्यांसाठी. रात्रपाळी करून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली, टीव्हीच्या आवाजात कसा झोपणार? तायांनो, त्याला सात तास मिळतील असे बघा. खिडकीला जाड चादर लावा. पाणी भरणे, रेशन, मुलांची शाळा ही कामे त्याच्या झोपेतून कापून घेऊ नका. शेजाऱ्यांनीही स्पीकर बंद ठेवावा. आणि ज्या घरची बाईच गाडी चालवते, त्या घरच्या पुरुषांनी हेच करावे.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. खेपेवर मजुरी ठरली की माणूस झोप विकतो. १९४६ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने, पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्यांत, चालकासाठीही साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. तास मोजून मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

म्हणून एक साधी वही करा. गाडीवर चढलो किती वाजता, उतरलो किती वाजता, झोपलो किती तास, एवढेच रोज लिहा. ब्रेक, टायर, दिवे यांची तक्रार मालकाला कधी सांगितली तेही लिहा. महिन्याने एकाच मालकाकडचे चार-पाच चालक मिळून वही घेऊन जा आणि मागा: दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप होईल एवढे अंतर, आठवड्याची सुट्टी, दुरुस्त गाडी, दुचाकीवाल्यांना आयएसआय हेल्मेट. एकटा गेला तर ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावे लागते. पाच जण गेले तर मालकाला बसून ऐकावे लागते.

कामावर जखमी झालेल्याला मालकाने भरपाई द्यावी, ही तरतूद १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण अपघातानंतर गुन्हा बहुतेक वेळा चालकावर नोंदला जातो आणि त्याच्या जागरणाचा हिशेब कोणाकडेच नसतो. तो हिशेब या वहीत राहील.

ज्यांना लिहायला जमत नाही, त्यांची वही घरातल्या शाळकरी मुलीने लिहावी. बाप किती तास राबतो आणि किती झोपतो, हे तिलाही कळू द्या.