सूर्य मावळण्यापूर्वी

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यातून निघून सोमवार पेठ ओलांडली, की थोड्याच वेळात रास्ता पेठ लागते. तेथे बेने इस्राएल समाजाचे 'सुक्कथ शेलोमो' हे प्रार्थनामंदिर आहे. पुणेकरांना कॅम्पातले 'लाल देऊळ' ठाऊक असते. १८६७ साली पुरे झालेले ते मंदिर डेव्हिड ससून यांनी बांधविले. रास्ता पेठेतले हे मंदिर मात्र मराठी ज्यांची मायबोली आहे अशा ज्यूंचे. कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांचे हे वंशज.

तो घाणा शनिवारी का थांबे, याचे उत्तर तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात आहे. सातव्या दिवशी धन्याने, चाकराने आणि बैलानेही विश्रांती घ्यावी, अशी त्यात आज्ञा आहे. उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना व अनुवाद ही तोराची पाच पुस्तके. त्यांचे ५४ भाग पाडलेले असून दर शनिवारी सकाळी क्रमाने एकेक भाग वाचतात. वर्षाचे शनिवार कमी पडले तर दोन भाग जोडतात. या भागाला 'पाराशा' म्हणतात. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून हे वाचन होते. शेवटचा भाग संपला, की लगेच पुन्हा उत्पत्तीला प्रारंभ! सोमवारी आणि गुरुवारीही थोडे वाचन असते. जुन्या काळी हे बाजाराचे दिवस. खेड्यातला माणूस गावात आला, की त्याच्या कानावर चार शब्द पडावेत, हा हेतू सांगितला जातो.

आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. बेने इस्राएलांनी १८८० च्या सुमारास बायबलातील कथांवर मराठी कीर्तने सुरू केली होती. परंतु कीर्तन आणि पाराशा यांत एक फरक आहे. कीर्तनात अभंग कोणता घ्यावा हे बुवा ठरवतात. येथे विषय पंचांग ठरवते. सोयीचे तेवढे वाचावे आणि बोचणारे टाळावे, ही पळवाट राहत नाही. साप्ताहिक वाचनाचे सामाजिक मोल माझ्या मते येथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. अनुवाद या पुस्तकातील 'की तेत्से' हा भाग बऱ्याच वर्षी आपल्या गणेशोत्सवाच्या आसपास येतो. २०२५ साली तर ६ सप्टेंबरच्या शनिवारी अनंत चतुर्दशी होती आणि त्याच शनिवारचा पाराशा 'की तेत्से' होता. इकडे मानाच्या पहिल्या कसबा गणपतीची मिरवणूक, तिकडे हे वाचन! त्यात काय सांगितले आहे? नवे घर बांधाल तर गच्चीला कठडा घाला, नाहीतर कोणी पडल्यास दोष तुमच्यावर येईल. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका. ती परक्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी राहू द्या. आपल्याकडे सरवा वेचतात तसेच हे. फरक इतकाच, की तेथे तो गरिबाचा हक्क ठरला. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, कारण त्याचा सारा जीव तिच्यात गुंतलेला असतो.

यांतले काय जुने झाले? मांडवासाठी रस्त्यात खणलेले आणि उत्सवानंतर न बुजवलेले खड्डे आठवा. कठड्याचा अर्थ लगेच कळतो. मांडव उतरवणाऱ्या मजुराला 'हिशेब झाल्यावर ये' असे सांगितले जाते, तेव्हा सूर्य किती वेळा मावळतो?

कोणी म्हणेल, याच भागात आज न पटणारेही पुष्कळ आहे. खरे आहे. हट्टी, उर्मट मुलाला दगडांनी मारावे, असाही नियम त्यात आहे. परंतु ज्यू पंडितांनी त्याला इतक्या अटी घातल्या, की असा मुलगा कधी झालाच नाही आणि होणारही नाही, असे मत तालमूद या ग्रंथात नोंदले गेले. म्हणजे वाचन ठरलेले असले, तरी अर्थ लावण्याची जबाबदारी माणसाचीच. दुर्बलाला मारणारा नियम त्यांनी आवळला. दुर्बलाला तारणारा मात्र सैल होऊ दिला नाही. आधुनिक जीवनाला जुना ग्रंथ लावायचा तो असा.

आता थोडे घरचे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेचा. तो आम्ही कधी पाच, कधी आठ तारखेला देत असू. पैसे नसत असे नाही; कोणाच्या लक्षात नसे, इतकेच. पूर्वी 'सुट्टे नाहीत' ही सबब होती. आता मोबाईलवरून क्षणात पैसे जातात, तरी उशीर होताच. मजुरीबद्दलचे ते वाक्य वाचल्यावर मी आईला सांगितले. ती जरा रागावलीच. म्हणाली, "मावशींनी कधी मागितले का?" मग स्वतःच गप्प झाली. मागायला लागू नये, म्हणूनच तर तो नियम!

मित्रहो, धर्म कोणताही असो वा नसो, दर आठवड्याला एक नावडता प्रश्न स्वतःला विचारण्याची शिस्त आपण या शेजाऱ्यांकडून अवश्य घ्यावी. आमच्या घरी सध्या एकच प्रश्न सुटला आहे: मावशींचा पगार एक तारखेला, दिवेलागणीच्या आत.