कादंबरीचे पहिले पान

छत्तीसगढमधील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्या कामाच्या ओढीने विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांतील काही सुपेल्यासारख्या वस्त्यांत स्थिरावली. अशा घरात वाढलेल्या एखाद्याच्या मनात कधीतरी येते, की आईवडिलांच्या या स्थलांतरावर कादंबरी लिहावी. विषय पक्का असतो, पात्रे ओळखीची असतात. वही मात्र कोरीच राहते. आधी पाळी बदलू दे, मग घरचे लग्न उरकू दे, मग पावसाळा सरू दे! अशी वर्षे जातात. दरम्यान ज्यांच्या आठवणींवर ती कादंबरी उभी राहायची, ती माणसेच एकेक करून निघून जातात.

या चालढकलीला सरसकट आळस म्हणण्याची रीत आहे. ती पुरती खरी नाही. हाच मनुष्य रात्रपाळीलाही वेळेवर हजर असतो. मग अडते कोठे? मनातील कादंबरी निर्दोष असते आणि कागदावर उतरलेले पहिले वाक्य हमखास लंगडे निघते. त्या वाक्याला सामोरे जाण्यापेक्षा ‘अजून तयारी व्हायची आहे’ असे म्हणणे सोपे असते. शिवाय कादंबरी म्हटली की तीनशे पानांचा डोंगर एकदम डोळ्यांपुढे येतो. डोंगर कोणालाच एका बैठकीत लिहिता येत नाही. पान लिहिता येते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला, ही हकिकत नेहमी सांगितली जाते. ती ऐकून नवा लेखक प्रतिभेच्या झटक्याची वाट पाहत बसतो. पण या पाच दिवसांमागची वर्षे पाहिली पाहिजेत. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढीत. दिवसाचे काम सांभाळून मुलांसाठी मजकूर स्वतःच्या हाताने लिहून काढायचा, असा तो परिपाठ होता. तो मजकूर छापून प्रसिद्ध व्हायचा नव्हता. उद्या मुले वाचतील, एवढेच पुरेसे होते. तुरुंगात कागद समोर आला तेव्हा हात आधीच चालता झालेला होता. पुस्तकाची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री होतात. एका वेळी लेखकापुढे असते ती एकच रात्र.

हरि नारायण आपटे यांना तर थांबण्याची सोयच नव्हती. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. अंक निघणार म्हणजे मजकूर हवाच. यमुनेचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी वाचक थांबलेले. पुण्यातील आनंदाश्रम संस्थेचा व्याप आणि सार्वजनिक कामे सांभाळून त्यांनी हे लेखन केले. या पद्धतीची किंमतही त्यांनी मोजली: त्यांच्या लेखनात पाल्हाळ आले आणि काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. तरीही मराठी सामाजिक कादंबरीचा पाया याच घाईतल्या पानांनी घातला. आज साप्ताहिक काढण्याची गरज नाही. ‘रविवारी एक प्रकरण वाचून दाखवीन’ असे बहिणीला किंवा मित्राला सांगून ठेवले, तरी कोणीतरी वाट पाहणारे मिळते.

लेखनासाठी ठरावीक वेळ हवी, असा उपदेश सर्वत्र आढळतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होते. ते भल्या पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत. पाळ्यांत काम करणाऱ्याला ही शिस्त जशीच्या तशी जमणार नाही, कारण त्याची पहाटच दर आठवड्याला बदलते. त्याने घड्याळाऐवजी एखादे काम धरावे: घरी आल्यावर चहा, आणि चहानंतर अर्धे पान. दिवसाला दीडशे शब्द झाले, तर दोनशे दिवसांत तीस हजार शब्द होतात. छोटी कादंबरी तेवढीच असते.

आरंभ झाल्यावर दुसरी अडचण येते. कालचे पान आज वाचवत नाही आणि सुधारण्याच्या नादात पुढचे पान राहते. सुपेल्याहून पश्चिमेला, दुर्गच्या पुढे राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात मराठी घरातील हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. ते आपल्या दीर्घ कविता वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा लिहीत. त्याला चालढकल म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला, तो त्यांना पाहता आला नाही. नवशिक्याने निदान पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागे वळू नये.

झोतभट्टी रात्रंदिवस तापती ठेवतात, कारण विझलेली भट्टी पुन्हा पेटवणे फार कष्टाचे असते. लेखनाचेही काहीसे तसेच आहे. म्हणून बैठक संपवताना उद्याच्या प्रसंगाची एक ओळ टिपून ठेवावी. पहिले प्रकरणच आधी लिहिले पाहिजे, असेही नाही. भिलाईच्या फलाटावर उतरलेले वडील, हातात पत्र्याची पेटी, आणि ज्याच्या घरी उतरायचे त्याचा पत्ता चिठ्ठीवर. चिठ्ठीत काय लिहिले होते, हे वडिलांनाच विचारावे लागेल.